ताप आहे, पण जंतू कोणता?

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही दवाखान्यात जाऊन बसावे. तापाचे रुग्ण एकामागून एक येत असतात. त्यातले बरेचसे दोन दिवस मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या खाऊन आलेले असतात. कुणी अॅझिथ्रोमायसिनच्या तीन घेतलेल्या असतात, कुणी शेजारच्या घरात उरलेल्या सेफिक्झिमच्या. डॉक्टर नवी चिठ्ठी लिहितात, अशक्तपणा असेल तर सलाईन लावतात आणि चौथ्या-पाचव्या दिवशीही ताप हटला नाही की रक्त तपासायला पाठवतात. तोवर दोन अँटिबायोटिके पोटात गेलेली असतात आणि अंगात नेमका कोणता जंतू आहे हे कुणालाच ठाऊक नसते. ते कळण्याची सोय वैद्यकशास्त्राने सव्वाशे वर्षांपूर्वीच करून ठेवली आहे.

आपल्याकडच्या नेहमीच्या संसर्गजन्य आजारांचा आढावा घ्यायचा तर याच प्रश्नापासून घ्यावा लागेल. रुग्णाच्या तोंडात जाणारी गोळी आणि त्याच्या शरीरातला जंतू यांच्या मध्ये प्रयोगशाळा असायला हवी. आपण ती गाळली आहे, आणि आज औषधे जंतूंपुढे थकू लागली आहेत त्याचे एक मोठे कारण हे आहे. देशातल्या खासगी क्षेत्रातल्या अँटिबायोटिकच्या खपाचा २०१९ सालचा हिशेब २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्वाधिक खपणारी गोळी होती अॅझिथ्रोमायसिन ५०० आणि तिच्या खालोखाल सेफिक्झिम २००. जागतिक आरोग्य संघटना अँटिबायोटिकांची तीन गटांत विभागणी करते: पहिल्या पसंतीची, जपून वापरायची आणि राखून ठेवायची. या दोन्ही गोळ्या जपून वापरायच्या गटातल्या आहेत. त्या गटाचा वाटा आपल्या एकूण खपात निम्म्याहून जास्त निघाला, आणि साध्या, पहिल्या पसंतीच्या औषधांचा जेमतेम सत्तावीस टक्के.

प्रयोगशाळेत काय होते ते आधी जवळून पाहू. लघवीला जळजळ होते, सारखे जावे लागते, अशी तक्रार घेऊन एखादी बाई येते. स्वच्छतेच्या सूचना देऊन तिच्याकडून निर्जंतुक डबीत मधल्या धारेची लघवी घेतात. ही डबी दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचली पाहिजे, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवली पाहिजे. ई. कोलाय हा जंतू अनुकूल वातावरणात वीस मिनिटांत दुप्पट होतो, त्यामुळे दुपारपर्यंत टेबलावर राहिलेली डबी खोटाच रिपोर्ट देते. तंत्रज्ञ तारेच्या बारीक लूपने मोजका नमुना उचलून मॅकॉन्की अगारच्या थाळीवर रेघा ओढत पसरतो. थाळी रात्रभर सदतीस अंशांच्या आसपास इन्क्युबेटरमध्ये राहते. सकाळी झाकण उघडले की जंतू असल्यास त्यांच्या वसाहती नुसत्या डोळ्यांना दिसतात. ई. कोलायच्या वसाहती गुलाबी, सपाट, कोरड्या असतात. क्लेब्सिएलाच्याही गुलाबीच, पण फुगीर, ओल्या, एकमेकींत मिसळत गेलेल्या. एका मिलिलिटरमागे एक लाखाच्या वर जंतू निघाले तर तो खरा संसर्ग, असा सर्वसाधारण दंडक आहे.

मग खरे काम सुरू होते. त्यातली वसाहत उचलून म्युलर-हिंटन अगारच्या दुसऱ्या थाळीवर एकसारखी पसरतात आणि वर औषधात भिजवलेल्या छोट्या कागदी चकत्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी काही चकत्यांभोवती जंतू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ पडलेले असते, तर काहींच्या अगदी कडेपर्यंत जंतू वाढलेले असतात. त्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात, तक्त्याशी ताडून पाहतात आणि रिपोर्टवर प्रत्येक औषधापुढे एस (लागू पडते) किंवा आर (लागू पडत नाही) लिहितात. कर्बी आणि बाउर यांनी ही पद्धत १९६६ मध्ये पक्की केली. आपल्याकडच्या ई. कोलायवर ही चाचणी लावली की सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे बहुधा आर येतो आणि नायट्रोफ्युरँटॉइन, फॉस्फोमायसिन या जुन्या औषधांपुढे एस. म्हणजे सवयीने लिहिली जाणारी गोळी पुष्कळदा कुचकामी ठरते आणि विस्मरणात गेलेली गोळी गुण देते. हे कळायला दोन दिवस लागतात आणि खर्च येतो काही शे रुपये. ग्रॅमचे रंजन तर त्याहून सोपे. डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांनी १८८४ मध्ये बसवलेल्या या पद्धतीत जांभळा रंग, आयोडीन, अल्कोहोल आणि गुलाबी रंग एवढ्यावर भागते. पुवातला जंतू जांभळा उरला की गुलाबी झाला, एवढ्यावरून दहा मिनिटांत औषधांची अर्धी यादी बाद करता येते. जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर असलेल्या रुग्णालयातही हे करता येण्यासारखे आहे.

या विद्येला मुंबई परकी नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. त्यानंतर आलेल्या वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगचे जंतू वाढवून लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यातूनच उभी राहिली. पुढे पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी निघाली, तिथे पेनिसिलिन बनू लागले, आणि पिंपरीच्याच मातीतल्या जंतूपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक औषधही सापडले. त्या जंतूच्या शास्त्रीय नावात पिंपरी आहे. जंतू वाढवणे, ओळखणे आणि त्यातून औषध काढणे हे सगळे ज्या राज्यात झाले, तिथल्या तालुक्यांत आज रक्ताचे कल्चर करायला नमुना शहरात पाठवावा लागतो. मला याचे वाईट वाटते.

टायफॉइडवर थोडे थांबायला हवे, कारण चुकीच्या तपासणीची आणि चुकीच्या औषधाची दोन्ही दुखणी त्यात एकत्र दिसतात. पावसाळ्यात तापाच्या रुग्णाच्या हाती पडणारा सर्वांत नेहमीचा कागद म्हणजे विडालचा रिपोर्ट. फर्नांड विडाल यांनी ही चाचणी १८९६ मध्ये मांडली. टायफॉइडच्या जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये रक्तात किती आहेत, हे ती दाखवते. जंतू आहे की नाही ते ती सांगत नाही. जिथे टायफॉइड मुळातच फार आहे तिथे पूर्वी झालेल्या आजाराने, लसीने किंवा भलत्याच तापानेही विडाल वर जाते. आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा करून आकडा चौपट वाढला तर तिला थोडा अर्थ आहे. आपल्याकडे ती एकदाच करतात, तीही बऱ्याचदा काचपट्टीवर घाईघाईने, आणि मग घराघरांत 'टायफॉइड निघाला' असे सांगितले जाते. दरवर्षी दोन-दोनदा टायफॉइड होणारी माणसे आपल्या ओळखीत असतात. त्यातल्या अनेकांना तो एकदाही झालेला नसतो.

खरी तपासणी रक्ताच्या कल्चरची. मोठ्या माणसाच्या दंडातून आठ-दहा मिलिलिटर रक्त निर्जंतुक पद्धतीने काढून बाटलीत घालावे लागते, आणि तेही अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी. एवढे करूनही ते सुमारे चाळीस ते साठ टक्के रुग्णांतच जंतू पकडते, कारण रक्तात जंतू फार थोडे असतात. आधी गोळ्या घेतल्या असतील तर तेवढीही आशा उरत नाही. पण जेव्हा पकडते तेव्हा जंतू हातात असतो आणि कोणते औषध चालेल हे नेमके सांगता येते.

हे सांगता येणे किती मोलाचे आहे ते टायफॉइडच्या औषधांच्या इतिहासावरून कळते. १९४८ मध्ये क्वालालंपूरला क्लोरॅम्फेनिकॉल हे नवे औषध स्क्रब टायफसवर तपासून पाहत असताना त्या गटात टायफॉइडचे रुग्ण शिरले आणि तेही बरे झाले. निदान चुकले आणि टायफॉइडचे पहिले खरे औषध सापडले. पंचवीस वर्षे ते चालले. १९७२ मध्ये केरळात कालिकतला त्याला न जुमानणाऱ्या टायफॉइडची साथ आली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि कोट्रायमोक्सॅझोल या तिन्हींना दाद न देणारे जंतू देशभर पसरले. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आले आणि दहा-पंधरा वर्षांत तेही निकामी झाले. आज सेफ्ट्रिअॅक्सोन आणि अॅझिथ्रोमायसिन यांच्यावर भिस्त आहे. पाकिस्तानात सिंधमधल्या हैदराबादेत २०१६ पासून सेफ्ट्रिअॅक्सोनलाही न जुमानणारा टायफॉइड पसरला. तिथे तोंडाने घ्यायचे एकच भरवशाचे औषध उरले, ते म्हणजे अॅझिथ्रोमायसिन. आपल्याकडे सर्दी-खोकल्यावर घेतली जाणारी गोळी हीच.

या कथेला एक आशेची बाजूही आहे. क्लोरॅम्फेनिकॉल आणि कोट्रायमोक्सॅझोलचा वापर थांबला तसे भारतातले टायफॉइडचे जंतू हळूहळू पुन्हा त्यांना दाद देऊ लागले. म्हणजे औषधाला विश्रांती दिली तर काही वेळा त्याची धार परत येते. पण ती आली आहे हे कल्चर केल्याशिवाय कळणार कसे? मूळ उपाय अर्थातच स्वच्छ पाणी आणि त्याच्या जोडीला लस. टायफॉइडची नवी संयुक्त लस सार्वजनिक मोहिमेत जगात पहिल्यांदा वापरली ती नवी मुंबई महापालिकेने, २०१८ मध्ये, नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना. महाराष्ट्राने अभिमान बाळगावा अशी ही गोष्ट आहे, आणि ती फार कमी लोकांना माहीत आहे.

पावसाळ्यातले इतर ताप मात्र वेगळा धडा देतात. मलेरियाची काचपट्टी किंवा झटपट किट अर्ध्या तासात उत्तर देते, म्हणून प्रत्येक तापाला ते आधी व्हावे. व्हायव्हॅक्स प्रकारचा मलेरिया निघाला तर क्लोरोक्विनबरोबर चौदा दिवस प्रायमाक्विन घ्यावे लागते, कारण परजीवी यकृतात दडून राहतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी परत डोके वर काढतो. हे चौदा दिवस बहुतेक जण अर्ध्यावर सोडतात. डेंग्यूचा विषाणू कोणत्याही अँटिबायोटिकला दाद देत नाही. तिथे पाणी, पॅरासिटामॉल आणि लक्ष ठेवणे हाच उपचार. अॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळायचे, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

लेप्टोस्पायरोसिस आणि स्क्रब टायफस या दोन आजारांत मात्र रिपोर्टची वाट पाहणे जिवावर बेतू शकते. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने लेप्टोची मोठी साथ पाहिली. उंदरांच्या मुतातून पाण्यात उतरणारा हा जंतू पायाच्या खरचटीतून शिरतो, ताप येतो, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात आणि बिघडला तर मूत्रपिंड, यकृत आणि फुप्फुसे धरतो. त्याची प्रतिद्रव्ये रक्तात दिसायला पाच-सहा दिवस जातात. साचलेल्या पाण्यातून चालावे लागलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन घ्यावे, असे मुंबई महापालिका आता दर पावसाळ्यात सांगते. विदर्भात २०१८ मध्ये स्क्रब टायफसने जीव घेतले तेव्हा अनेक ठिकाणी हा आजार नव्यानेच ऐकला जात होता. गवतातल्या बारीक किड्याच्या अळीच्या चाव्यातून तो होतो. चाव्याच्या जागी, बहुधा काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली, मधे काळी खपली आणि भोवती लाल कडा असलेली छोटी जखम असते. ती दुखत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही. कपडे बाजूला करून शोधली तरच सापडते. हा जंतू पेशींच्या आत राहतो, त्यामुळे पेनिसिलिन आणि सेफ्ट्रिअॅक्सोनसारखी महागडी इंजेक्शने त्याचे काही बिघडवत नाहीत. डॉक्सिसायक्लिनच्या स्वस्त गोळीने मात्र ताप दोन दिवसांत उतरतो. इथे प्रयोगशाळेची जागा काही काळ डॉक्टरांच्या डोळ्यांनी घ्यायची असते. रक्त आधी काढून ठेवावे, औषध लगेच सुरू करावे, आणि रिपोर्ट आल्यावर ते बरोबर होते का ते पाहावे. सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांदा भागात आणि गोव्यात सत्तरीत गेल्या दशकात आलेला माकडताप हा विषाणूचा आजार, त्यावर अँटिबायोटिक नाही. तो ओळखता आला तो नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेपर्यंत पोहोचू शकले म्हणून.

जुलाबाची गोष्ट वेगळी आणि सोपी आहे, तरी आपण ती अवघड करून ठेवली आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा घातलेले पाणी पाजायला सुरुवात केली. मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चारच्या खाली आले. आतड्यात ग्लुकोज शोषला जाताना सोबत मीठ घेऊन जातो आणि मिठामागे पाणी जाते, एवढेच ते शास्त्र. मुलांच्या बहुतेक जुलाबांवर आजही तेच औषध आहे: ओआरएस, चौदा दिवस झिंक आणि आईचे दूध चालू. रक्त पडत असेल, पटकीचा संशय असेल, तर अँटिबायोटिक. नॉरफ्लॉक्सासिन आणि टिनिडॅझोल एकाच गोळीत घालून विकणे हा मात्र निदान टाळण्याचा धंदा आहे. दोन वेगळ्या आजारांची औषधे एकत्र दिली की एक तरी लागेल, हा त्यामागचा हिशेब. पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात जुलाबानंतर उद्भवू शकणाऱ्या गिया बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला आणि संशय दूषित पाण्यावर गेला. या जंतूला कमी प्राणवायू आणि बेचाळीस अंशांची ऊब लागते. साध्या थाळीवर तो वाढतच नाही. ज्या प्रयोगशाळेला त्याला शोधायचे कसे हे माहीत आहे, तिलाच तो दिसतो.

अँटिबायोटिक कमी वापरा, एवढाच उपदेश करून मोकळे होणे अन्याय्य आहे, हे गडचिरोलीने दाखवले. तिथे अडचण उलटी होती: न्यूमोनियाने मरणाऱ्या मुलापर्यंत औषध पोहोचतच नव्हते. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस गावातल्याच माणसांना मुलाचे श्वास मोजायला शिकवले. मिनिटाचे श्वास वयानुसार ठरवून दिलेल्या मर्यादेच्या वर गेले तर कोट्रायमोक्सॅझोलचे पातळ औषध सुरू करायचे. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात न्यूमोनियाचे मृत्यू जवळपास निम्मे झाल्याचे दिसले. पुढे गावातल्या आरोग्यदूत बायांनी नवजात बाळाच्या जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायला सुरुवात केली. १९९९ च्या निष्कर्षांनुसार त्या एकोणचाळीस गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा बासष्ट टक्क्यांनी कमी झाले. तिथे ना कल्चर होते ना एक्स-रे. पण नियम होता, मोजमाप होते, एक ठरलेले औषध आणि ठरलेला डोस होता. कुणाला औषध द्यायचे याइतकेच कुणाला द्यायचे नाही हेही ठरलेले होते. साध्या सर्दीच्या मुलाला ते मिळत नसे. अंदाजाने दिलेल्या गोळीत आणि या पद्धतीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

आता टीबी. जगातल्या दर चार नव्या टीबी रुग्णांत एक भारतीय असतो. वर्षाला सुमारे अठ्ठावीस लाख. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी हा जंतू दाखवला, आणि चार औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचाराने तो बरा होतो हे कित्येक दशकांपासून ठाऊक आहे. तरी बिघडले कुठे? १९९१ मध्ये डॉ. मुकुंद उपलेकर यांनी मुंबईतल्या झोपडपट्टी भागातल्या शंभर खासगी डॉक्टरांना टीबीची चिठ्ठी लिहायला सांगितली. शंभर जणांनी ऐंशी वेगवेगळ्या पद्धती लिहिल्या. वीस वर्षांनी डॉ. झरीर उडवाडिया आणि सहकाऱ्यांनी धारावीत तोच प्रश्न एकशे सहा डॉक्टरांना विचारला, तर त्रेसष्ट पद्धती निघाल्या आणि औषधे निवडण्यात अगदी थोडे जण बरोबर ठरले. २०१२ च्या सुरुवातीला मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातून, उपलब्ध सर्वच औषधांना दाद न देणाऱ्या टीबीची बातमी जगभर गेली. 'सर्वच औषधांना दाद न देणारा' या नावावरून सरकारने वाद घातला, पण रुग्ण खरे होते. एकेका औषधाची भर घालत, एकेक औषध जंतूला सवयीचे करत हा आजार माणसांच्याच हातून घडला होता.

टीबीत प्रयोगशाळा फार काळ मागे पडली होती, हेही मान्य करायला हवे. थुंकीची काचपट्टी लाल रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, तर मिलिलिटरमागे पाच-दहा हजार जंतू असल्याशिवाय ते दिसत नाहीत. हा जंतू दुप्पट व्हायला जवळपास एक दिवस घेतो. अंड्याच्या माध्यमावर त्याची वसाहत यायला सहा ते आठ आठवडे जातात, आणि औषधाची चाचणी त्यानंतर. तोवर रुग्ण चुकीच्या गोळ्या खात खोकत राहतो, घरच्यांना आजार देत राहतो. जंतूच्या जनुकांवर चालणाऱ्या चाचण्यांनी हे बदलले. दोन तासांत टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन लागू पडेल का, हे दोन्ही कळते. यातले ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे यंत्र भारतीय आहे, गोव्यातल्या वेर्णे इथल्या कंपनीचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली. वातानुकूलित खोली नसलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही ते चालते. उपचारही सुधारला. दीड-दोन वर्षांच्या गोळ्या आणि बहिरेपण आणणारी इंजेक्शने यांच्या जागी औषधरोधी टीबीसाठी सहा महिन्यांचा तोंडी उपचार आला आहे आणि २०२४ मध्ये भारत सरकारने तो मान्य केला. झारखंडातल्या अभ्यासाने २०२३ मध्ये दाखवले की रुग्णाच्या घरातल्या माणसांना पुरेसे अन्न दिले तर त्यांच्यात टीबी होण्याचे प्रमाण एकोणचाळीस टक्क्यांनी घटते. औषधाइतकेच हेही महत्त्वाचे.

टीबीच्या बाबतीत सरकारने एक धाडसी पाऊल उचलले होते. रक्तातली प्रतिद्रव्ये पाहून टीबी सांगणाऱ्या चाचण्या निरुपयोगी ठरल्यावर जून २०१२ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. टीबीसाठी जे तर्कशास्त्र वापरले ते विडालसाठी का वापरू नये? माझ्या मते विडालही आता थांबवावी, आणि तिच्यावर खर्च होणारा पैसा रक्ताच्या कल्चरकडे वळवावा.

घसा, कातडी यांचे आजार एरवी किरकोळ म्हणून सोडले जातात. बहुतेक घसे विषाणूंमुळे धरतात, अँटिबायोटिकशिवाय बरे होतात. पण शाळकरी मुलाचा घसा स्ट्रेप्टोकोकसने धरला आणि उपचार झाला नाही, तर त्यातून संधिवाताचा ताप आणि पुढे हृदयाच्या झडपांचा आजार होऊ शकतो. गंमत अशी की हा जंतू आजही पेनिसिलिनला दाद देतो. ऐंशी वर्षे झाली, तरी. त्याच्यासाठी भारी गोळी लिहिण्याचे काही कारणच नाही. गजकर्णाचे मात्र हाल झाले आहेत. पूर्वी दोन-तीन आठवड्यांत जाणारा नायटा आता महिनोन्महिने कंबर, मांड्या, छाती सोडत नाही. टर्बिनाफिन या बुरशीनाशकाला न जुमानणारी एक नवी बुरशी त्यामागे आहे. २०२० मध्ये तिचे नामकरण झाले, आणि त्या नावात भारत आहे. मेडिकलमध्ये मिळणारी, स्टेरॉइड मिसळलेली मलमे हे याचे मोठे कारण. स्टेरॉइडने खाज लगेच थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते. पुवाने भरलेल्या गळवालाही गोळीपेक्षा चिरा लागतो.

रुग्णालयांच्या आत लढाई सर्वांत कठीण आहे. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या क्लेब्सिएलात २००८ मध्ये एक नवे विकर सापडले. कार्बापेनेम गटातली, शेवटची म्हणून ठेवलेली औषधे ते फोडून टाकते. त्याला नवी दिल्लीचे नाव दिल्याने आपल्याकडे संताप झाला. तो समजण्यासारखा होता, पण मुंबईतल्या डॉक्टरांनीही त्याच सुमारास आपल्या रुग्णांत हेच विकर नोंदवले होते. त्यानंतर अतिदक्षता विभागांना कोलिस्टिनकडे वळावे लागले. १९४९ मध्ये सापडलेले हे औषध मूत्रपिंडावरच्या परिणामांमुळे बाजूला ठेवलेले होते. तेच आपल्याकडे कोंबड्यांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात मिसळले जात होते. २०१९ मध्ये त्यावर बंदी आली, हे फार बरे झाले. २०१९ या एका वर्षात औषधरोधी जिवाणूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. यातली अनेक मरणे शस्त्रक्रिया, बाळंतपण, कॅन्सरचे उपचार नीट पार पडल्यानंतरची असतात. इथे औषधाइतकेच साधे हात धुणे वाचवते, आणि रुग्णालयाने आपल्या वॉर्डांतले जंतू कोणत्या औषधाला दाद देतात याचा वर्षाचा तक्ता काढून भिंतीवर लावणे.

'कोर्स पूर्ण करा' या सल्ल्याबद्दलही थोडे बोलायला हवे. टीबी, मलेरियाचे प्रायमाक्विन, स्ट्रेप्टोकोकसचा घसा यांत तो शब्दशः पाळावा. पण साध्या न्यूमोनियात, लघवीच्या संसर्गात पाच दिवस पुरतात हे आता अनेक चाचण्यांनी दाखवले आहे. गरज नसताना लांबवलेला कोर्स पोटातल्या निरुपद्रवी जंतूंनाही औषधाची सवय लावतो. म्हणून किती दिवस हे डॉक्टरांनी चिठ्ठीवर आकड्यात लिहावे. 'बरे वाटेपर्यंत' असे लिहू नये आणि रुग्णाने आपल्या मनाने ना थांबवावे ना वाढवावे.

कायदा आहे. २०१४ च्या मार्चपासून एच-१ परिशिष्टातली अँटिबायोटिके चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, विक्रीची नोंद ठेवावी लागते, पाकिटावर लाल रेघ असते. पण मेडिकलवाल्याला दोष देऊन प्रश्न सुटत नाही. रोज मजुरीवर जाणाऱ्या माणसाला दोन दिवस रिपोर्टची वाट पाहायला सांगायचे, तर तो रिपोर्ट त्याच्या तालुक्यात, परवडेल अशा दरात निघाला पाहिजे. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात रक्त आणि लघवीचे कल्चर, एक प्रशिक्षित सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, आणि जिल्ह्यातल्या जंतूंचा दर वर्षी प्रसिद्ध होणारा तक्ता, एवढी मागणी आपल्या आमदारांकडे आणि जिल्हा परिषदेकडे करता येईल. ट्रूनॅट जर आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचू शकते, तर रक्ताची बाटलीही पोहोचू शकते.

तोवर वाचकांना एवढीच विनंती. घरात कुणाला तीन दिवसांहून जास्त ताप असेल, तर उरलेल्या गोळ्यांच्या डब्याला हात लावू नका. डॉक्टरांना विचारा की अँटिबायोटिक सुरू करण्याआधी मलेरियाची तपासणी आणि रक्ताचे कल्चर करून घ्यायचे का. कल्चरचा जुना रिपोर्ट असेल तर तो जपून ठेवा आणि पुढच्या वेळी सोबत घेऊन जा.